नुसतं ‘बसेल’

प्रिय आई,

नमस्काराला वाकलोय असं समज. मी मजेत आहे. अक्षर वेडंवाकडं दिसेल, टेबल डुगडुगतंय म्हणून. बाबा सकाळचे फिरायला जातात ना?

विमानांजवळचं काम म्हणून तुझा जीव टांगणीला लागतो. अगं, ही हौशी लोकांची चार माणसांची विमानं. मी ती उडताना क्वचितच बघतो. माझ्यासोबत कामाला असलेले एक काका ट्रॅक्टरने विमान शेडमध्ये ढकलतात आणि पंख दाराला घासत नाही ना, हे बघत मी बाजूने चालतो. एवढंच काम.

मंगळवारी एक घासलं. इथे आपली भाषा बोलणारे काका आणि मी, दोघंच. मला ओरडायचं होतं, “धक्का बसेल.” घाईत धक्का तोंडातच राहिला आणि मी नुसतं “बसेल, बसेल” ओरडलो. काकांना वाटलं, विमान आत बसेल म्हणतोय. त्यांनी आणखी रेटलं. पंखाचं टोक चेपलं. साहेब तापले, पण दोघांनाही कामावर ठेवलं. आता आम्ही फक्त “थांबा” म्हणतो.

तू विचारलंस, तिथे तुझा जम बसेल का. अर्धंच बोललं की काय होतं ते बघितलंय, म्हणून पूर्ण लिहितो. टेबल डुगडुगत नाही. पंख अडवायला मी मध्ये हात घातला होता. उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये आहेत, हे डाव्याने लिहितोय.

जम मात्र बसेल. बाबांना एवढंच वाचून दाखव.

तुझा,
धाकटा