कातणारे खेचर

३ मार्च, सकाळी ७.१०
नव्या यंत्र-संग्रहालयाच्या मराठी पाट्यांचे कार्य अस्मादिकांकडे आले. चाळीस यंत्रे, चाळीस पाट्या. औद्योगिक युगाच्या संशोधकांनी जगाला वाफ दिली, गती दिली. मराठी देण्याचे तेवढे राहून गेले होते. संकल्प: शब्दकोशाला हात लावायचा नाही. प्रतिभा पुरेशी आहे.
सौभाग्यवती चार महिन्यांपासून कन्येकडे आहे. जाताना म्हणाली, तुम्ही माझं काही ऐकतच नाही. पुढेही काही म्हणाली. ते नीट ऐकले नाही. असो. संशोधकवृत्तीच्या पुरुषाला एकांत लागतोच.

९ मार्च
‘छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग हा आजच्या कॉम्प्युटरचा पणजोबा होय.’ वाक्य इतके उत्तम उतरले की मोठ्याने वाचले. स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा वाचले. फ्रिज तेवढा गुरगुरला.

१४ मार्च, दुपार
यादीत क्रमांक एकवीस: स्पिनिंग म्यूल. यंत्रे अद्याप ताडपत्रीखाली आहेत. पाहण्याचे प्रयोजन नाही. भाषांतर: ‘कातणारे खेचर’. मजकूर: ‘चक्राला जुंपलेल्या या मुक्या श्रमिकाने वस्त्रोद्योगाची धुरा वाहिली.’ लिहिताना डोळे पाणावले.
भिंतीवर चित्रे काढणाऱ्या पेंटरने विचारले, साहेब, शेपूट आखूड काढू का लांब? म्हटले, भारदस्त.

१५ मार्च, सायंकाळ
सौ.चा फोन. २८ला उद्घाटन, ये म्हटले. येते म्हणाली. माझे भाषण ऐकून ती घरी परत येईल, याविषयी संदेह नाही. तसे विचारले मात्र नाही, भाषणच विचारील.
ओघात खेचराचे सांगितले. ती म्हणाली, अहो, माझ्या बाबांनी म्यूलवर बावीस वर्षं काढली, आधी मला विचारा तरी! सासरे गिरणीत होते हे ज्ञात होते. तबेल्यात होते हे आज कळले. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. मुलीकडचे लोक असल्या गोष्टी दडवतातच. उदार अंतःकरणाने क्षमा करून फोन ठेवला. ती बहुधा अजून बोलत होती.

२६ मार्च
भाषण एक तास चाळीस मिनिटांचे झाले. घर आवरले. तिच्या उशीचा अभ्रा बदलला. मग वाटले, असे पाहुण्यांसाठी करतात. जुनाच पुन्हा घातला.

२८ मार्च, सायंकाळी ६
ताडपत्री निघाली. क्रमांक एकवीस: लांबच लांब लोखंडी सांगाडा, शेकडो चात्या, खाली चाके. मागे भिंतीवर खेचर. शेपूट भारदस्त. प्रथम एकच जण हसला.
मग व्यवस्थापक जवळ येऊन म्हणाले, साहेब, तुमचं भाषण आपण लेखीच घेऊ या का?
तेवढ्यात सौ. पुढे झाली. म्हणाली, नाव खेचरच आहे हो, त्यांचं चुकलं नाही. दोन जुन्या यंत्रांचा संकर, म्हणून खेचर. फक्त हे चारा खात नाही. पुन्हा हशा, पण या वेळी तिच्या बाजूने. मग सांगू लागली. ही गाडी चाकांवर पुढे येते, सूत ओढते, पीळ देते. मागे जाताना गुंडाळते. बाबा दिवसभर तिच्याबरोबर मागेपुढे चालायचे, तुटलेले धागे जोडत. घरी जेवायला बसले तरी पाय हलत असायचे.
मी तिसऱ्या रांगेत उभा होतो. हे सव्वीस वर्षांत प्रथमच ऐकले. मलाही एक प्रश्न विचारायचा होता: आणि झोपेत? हात वर केला. तिने आधी एका शिक्षिकेचा प्रश्न घेतला. मग चहाच झाला.
कन्या म्हणाली, बाबा, आमची साडेचारची बस आहे. थांबा म्हणण्यासाठी तोंड उघडले. ‘खिडकीशी बसा’ एवढेच बाहेर पडले.

३१ मार्च
एकविसावी पाटी व्यवस्थापकांनी सौ.कडून नव्याने लिहून घेतली. माझ्याकडे केवळ शुद्धलेखनासाठी पाठवली. चार वेळा तपासली. एकच दोष: ‘पीळ’मधला पी ऱ्हस्व पडला आहे.
म्हणजे तिला फोन करायला एकच निमित्त. आज वापरले नाही.