परबकाकांचं २०१८

१६ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी अँटीव्हायरस पुन्हा लाल. मुदत संपली म्हणे. परबकाकांनी नेहमीप्रमाणे दोन्ही कॉम्प्युटरचं वर्ष मागे नेऊन ठेवलं, २०१८. लगेच हिरवी खूण. "हिरवी दिसता ना? मगे झाला." नवा कॉम्प्युटर घ्या म्हटलं की भरतकामाचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, हे ठरलेलं उत्तर. मालकच ते, बोलणार कोण.

रोहिणी रजेवर, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. नेमके आजच आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, घाटकोपरचे मेहताभाई, टपकले. दिवाळीच्या ब्लाउजचं डिझाइन आत्ताच्या आत्ता बघायचंय. तिच्या कॉम्प्युटरवर तिचा केवडा उघडून दाखवला. पानाचं टोक बारीक हवं म्हणाले. दुपारी त्यांच्यासमोरच मी केलं, सेव्ह केलं. स्वारी खूश. केवडा खरंच झकास जमलाय तिला. मला नसता जमला. बाकी तिचं टेबल म्हणजे उकिरडा.

२४ सप्टेंबर, बुधवार
वाट लागली. मुलुंडच्या एका दुकानात आपला केवडा ब्लाउजवर टांगलाय. मेहताभाईंनी फोटो पाठवला. टोकसुद्धा तसंच बारीक! आमच्या मशीनवर फाइल अजून गेलीच नव्हती, आणि तिकडे शिवून विकायलाही लागले. मेहताभाई फोनवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. हळू आवाजात म्हणाले, परबभाई, आता तुमच्याकडे काम द्यायचं की नाही ते बघावं लागेल. ते गेले तर आमच्या गाळ्याला टाळंच.

रो. फोटो बघून काहीच बोलली नाही. तिचा केवडा, आणि तिला राग नाही? मी असते तर मुलुंडला जाऊन दुकानदाराची गचांडी धरली असती.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
काकांना म्हटलं, कॉम्प्युटरमधून तर गेलं नसेल ना? दोघांनी मिळून बघितलं. दोन्हीवर हिरवी खूण. म्हणजे आत कोणी शिरलं नाही. मग राहिलो आम्ही तिघं. काका स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारतील? मी नाही. मग कोण?

लिहायलाही कसंतरी होतंय. पण हल्ली फोन आला की ती बाहेर गॅलरीत जाते. आधी नव्हती जात. तिचा दीर साकीनाक्याला, तिथेही भरतकामाच्याच मशीन आहेत. विचारलं कोणाचा फोन, तर "घरचा गं." घरचा आहे तर आत बोल की.

डबा एकत्रच खाल्ला. तिने कोलंबीचं कालवण आणलेलं. मी आपली माझी भाजीच खाल्ली.

२९ सप्टेंबर, सोमवार
ती बँकेत गेली तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवर बसले. केवड्याची फाइल शेवटी कधी बदलली ते काढून बघितलं. इंग्रजीत सरळ लिहिलंय: संडे. पुढचं वाचलंच नाही, डोकं सणकलं. रविवारी गाळा बंद. किल्ली दोघांकडेच, काका आणि ती. ती इथे मरोळलाच राहते, गाळ्याजवळ, म्हणून काकांनी दिलेली. काका रविवारी गावदेवीच्या मंडळात असतात, सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

३० सप्टेंबर, मंगळवार
काकांनी तिच्याकडे किल्ली मागितली. रविवारी कशाला आली होतीस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, मी आलेच नाही. मग तिने विचारलं, कोणी सांगितलं? काकांनी माझ्याकडे बघितलं. झालं, सांगायची गरजच उरली नाही.

रडली नाही, भांडली नाही. किल्ली टेबलावर ठेवली, डबा उचलला नि गेली. खरी असती तर भांडली असती ना? मी तर गाळा डोक्यावर घेतला असता. दिवसभर हेच स्वतःला सांगत बसले.

४ ऑक्टोबर, शनिवार
दसऱ्याला मशीनची पूजा केली. नेहमी रांगोळी ती काढते. यंदा मी काढली, वाकडी.

आज आणखी एक. मेहताभाईंना आमच्या पत्त्यावरून कसलीशी मेल गेली, आत नुसती एक फाइल. आम्ही पाठवलीच नाही. रो.ला जाऊन चार दिवस झाले, आणि तिचा कॉम्प्युटर तेव्हापासून बंद. मेल गेली ती माझ्या कॉम्प्युटरवरून. काकांनी शेवटी मुरली रिपेअरवाल्याला फोन लावला.

७ ऑक्टोबर, मंगळवार
मुरलीने २०१८ बघितलं आणि आधी पोट धरून हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, ही हिरवी खूण म्हणजे मुदत शिल्लक आहे, एवढंच. राखणदार कधीचा झोपलाय. नवे व्हायरस त्याला ठाऊकच नाहीत. आत काहीतरी बसलंय, फाइली परस्पर बाहेर पाठवतंय. दोन्हीत.

विचारलं, कधीपासून? म्हणाला, बाई, कसं सांगू, तुमच्या सगळ्या तारखाच खोट्या. केवडा यानेच नेला का, तेही छातीठोक नाही सांगता येणार.

मग त्याने वर्ष बदलायला कॅलेंडर उघडलं. कधीपासून ते शोधताना सप्टेंबर काढलेला, तोच समोर होता. २०१८ चा २०२५ केला, तर १६ तारीख रविवारखालून निघून मंगळवारखाली गेली.

मंगळवार. मेहताभाई आले तो. टोक बारीक करून फाइल सेव्ह केली ती मीच.

काकांनी घड्याळ खोटं केलं, मी बघत राहिले, आणि दोघांनी त्याच घड्याळाची साक्ष काढली. वर्ष खोटं हे माहीत होतं. वारही खोटा होतो, हे डोक्यातच नाही आलं. काका म्हणाले, "माझाच चुकला." नाही, तोंड मी उघडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
गेले तिच्याकडे. आई काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत होती. मला आवाजावरून ओळखलं, ये गं नंदा म्हणाली. आईला काही सांगितलेलं नाही हिने. गॅलरीतले फोनही आईचेच. ऑपरेशन झालेला डोळा बिघडेल की काय या भीतीने आई फोनवर रडायची, म्हणून ही बाहेर जायची.

सगळं सांगितलं. मेहताभाई, टोक, वार, सगळं. माफी मागितली. तिने चहा टाकला, माझ्या कपात साखर कमी, लक्षात होती. मग म्हणाली, "तारीख खरी असती, तरी तू मला एकदा विचारलं असतंस का, नंदे?"

चहा प्यायले आणि आले.

१३ ऑक्टोबर, सोमवार
नवा कॉम्प्युटर आला. सॉफ्टवेअरही नवं, बोटांना सवय नाही, दिवसभर शिव्या घातल्या. अँटीव्हायरस सारखा काही ना काही विचारतो. काका घरात व्याही आल्यासारखे त्याच्याकडे बघतात. मेहताभाई अजून गप्प, दिवाळीचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं असेल तर आमचं कठीण आहे.

मुरली म्हणाला, पासवर्ड लावा. काका म्हणाले, "तूच ठेव गो, माझ्या लक्षात नाय रवाचो." ठेवला. फक्त मला माहीत.

संध्याकाळी रो.चा मेसेज. "उद्या येते. मग बघू." एवढंच. वाचून भर रस्त्यात रडायला आलं मला, इतकं बरं वाटलं.

आणि जेवताना पुन्हा किडा वळवळला. मुरलीनेही छातीठोक नाही सांगितलं ना? दीर साकीनाक्यालाच आहे ना? शी. काय बाई आहे मी.

उद्या येईल, बसेल, आणि पहिल्यांदा पासवर्ड विचारेल. सांगायलाच हवा. तरी मघापासून घोळतंय, तिला वेगळा पासवर्ड देता येतो का, माझ्या फाइली न दिसणारा, ते मुरलीला विचारावं.