शुक्रवारचा अहवाल

यिशुन, सिंगापूर
१२ मार्च २०१७

प्रिय इरा,

राजकन्या काल भेटल्या आणि म्हणाल्या, इराला कळव, मी तिला माफ केलंय. म्हणून लिहिते आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही.

चांगीला विमान बदलायला थांबल्या होत्या, एक रात्र. ज्यांना पाहिलं की त्यांच्या बेटावर माणसं मानाने खाली बसतात, त्या बाई फूड कोर्टात हातात ट्रे घेऊन रिकामं टेबल शोधत होत्या. दूतपद गेलं, आता शाळेत भूगोल शिकवतात. अठरा वर्षं हवामान परिषदांत मागच्या रांगेत बसून त्यांनी एक वाक्य जपलं होतं: ज्यांची जमीन समुद्र नेईल, त्यांना दुसरीकडे राहण्याचा हक्क हवा. पॅरिसला ते मांडायचं होतं. त्यांच्या इथल्या ऑफिसात आपण दोघी कामाला होतो; तू त्याचे अकरा मसुदे केलेस, मी टाइप केले. त्यांच्या आजीच्या कबरीवर भरतीचं पाणी चढल्याचा फोटो आला, तेव्हा आजीला पोहता येत नव्हतं गं, असं म्हणून त्या हसल्या होत्या. नंतर दार लावून घेतलं.

मग २०१५च्या नोव्हेंबरात त्यांचे राजे वारले. शंभर दिवस सुतक. राजघराण्यातल्या माणसाने असेल तिथेच राहायचं, समुद्र ओलांडायचा नाही. समुद्र आमच्या घरात येतो ते चालतं का, असं म्हणून त्यांनी गुपचूप पॅरिसला निघायचं ठरवलं. ठाऊक फक्त तिघींना: त्यांना, तुला, मला. चार दिवसांत राजवाड्याचा माणूस आला आणि पासपोर्ट घेऊन गेला. पॅरिसला त्यांची खुर्ची रिकामी राहिली. ते वाक्य कुणी वाचलंच नाही.

तिकीट तू काढलं होतंस, म्हणून संशय तुझ्यावर आला. काढून टाकल्यावर तू रडत घरी आलीस. मी भाजी चिरत होते. चूक झाली असेल तर सरळ कबूल कर, रडून काय होतं, असं मी म्हणाले. पुन्हा या कामात तुला कुणी उभं केलं नाही. आता पुण्यात क्लासमध्ये इंग्रजी शिकवतेस, प्रबोधमामा सांगतो.

इरा, राजवाड्याला मी कळवलं. दर शुक्रवारी ऑफिसचा अहवाल जायचा, राजघराण्याचा प्रवास त्यात लिहायचाच. बारा वर्षांत मी एक शुक्रवार चुकवला नव्हता. त्याही शुक्रवारी सवयीने तारीख, विमान सगळं भरलं, दोनदा तपासलं, सही केली. चुगली नव्हती, शिस्त होती. बातमी माझ्याच अहवालातून गेली, हे तू घरी यायच्या तासभर आधी फाइल पाहून मला कळलं होतं. भाजी चिरताना मला माहीत होतं. नोकरी जाईल, घर कसं चालेल, असं स्वतःला सांगत राहिले. खरं एवढंच, की मी चुकले हे मला आयुष्यात कधी म्हणता आलं नाही. काल तुझ्या वाटची माफीसुद्धा मी मान डोलावून घेतली, आणि घरी आल्यावर माझीच मला किळस आली.

मला माफ कर असं लिहीत नाही. एकदा फोन उचल. शिव्या दे, पण उचल.

तुझीच,
आई

नोंद: आज सकाळी ९.४०, चांगी, टर्मिनल २. राजकन्येच्या हाती दिलं: २० नोव्हेंबर २०१५च्या अहवालाची प्रत, एक पान, माझ्या सहीसह. त्यांनी उभ्यानेच वाचलं. तुझा पत्ता मागितला, तोही दिला.