गच्चीवर दुसरा श्रोता

रविवार, दिवेलागणीची वेळ

आज इअरफोन सापडेना, म्हणून गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना फोनवरच माझ्या आवडत्या नॉर्वेच्या त्रिकुटाचं जॅझ फ्युजन लावलं. पियानो, जाड तारांचा बास, ड्रम, तिघंच. सहा वर्षं हे वेड मी एकटीनंच जपलंय. घरात दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणी ऐकत नाही. भांडी पडल्यासारखं वाटतं, असं नवरा म्हणतो.

शेजारच्या गच्चीवर नरसय्यामामा आले, तसं मी घाईनं बंद केलं. मामांनी चाळीस वर्षं कापडाच्या कारखान्यात खटखटणारे माग चालवले.

"बंद का केलं ताई? चालू द्या की."

मधल्या कठड्यावर बोटं वाजवत, डोळे मिटून ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो जाड तारांवाला मुद्दाम मागं राहतोय. बाकीचे दोघं त्याच्यासाठी थांबत न्हायत, पण त्याला सोडत बी न्हायत."

मुद्दाम मागं. मी परत लावलं. खरंच, बास किंचित उशिरा येतो, आणि त्यामुळंच सगळं झुलतं. सहा वर्षांत मला कसं कळलं नाही? की मला आवडत होतं ते हेच?

"कुठली माणसं ही?"

"नॉर्वेची. लांब, युरोपात."

"तितं माग हायत का?"

माहीत नाही म्हटलं. खालून मामींनी चहाला दोनदा हाक मारली. मामा जिन्यात वाकून म्हणाले, "चहा वरच आण. तू पण ऐक, लई भारी हाय."

मामी ट्रे घेऊन वर आल्या. एक कप कठड्यावरून माझ्या हातात आला, आणि मी त्यांच्यासाठी पहिल्यापासून लावलं.