घरातली हाक

नळदुर्ग,
गुरुवार

प्रिय निकिता,

तुला आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद. हातात फोन असताना आईला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. घाबरू नकोस, आम्ही दोघं बरे आहोत. अप्पा आत्ता ओसरीवर बसून चादरीची किनार चाचपतायत. तुझा फोन आला की तू एकच विचारतेस, आई, हो का नाही? आणि माझ्या तोंडातून 'बघू' सोडून दुसरा शब्द निघत नाही. तू म्हणालीस म्हणून तामलवाडीजवळचं ते घर मी बघून आले. विसराचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथं. जागा पौर्णिमेपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. अप्पांना तिथं ठेवायचं की इथं माझ्यापाशी, ते तू आणि डॉक्टरांनी माझ्यावर सोडलंय. म्हणून सगळं नीट लिहिते. माझं काय ठरलं ते शेवटी आहे, पण मधलं गाळून पुढं जाऊ नकोस.

तू गाडी करून जा म्हणाली होतीस. दोन जीवांसाठी अख्खी गाडी कशाला, एसटीनंच गेलो, तुळजापूरला बदलून. अप्पांनी मला खिडकीची जागा दिली. मला एसटी लागते हे त्यांना आठवलं, असं वाटून बरं वाटलं. थोड्या वेळानं माझ्याकडं वळून अदबीनं म्हणाले, "बाई, तुमाला कुठं उतरायचंय?" म्हटलं, तामलवाडी. "आमालाबी तिथंच. बरं झालं, सोबत झाली." मग सगळा रस्ता मी त्यांची सोबत होऊन बसले. तुळजापुरात देवीच्या दिशेनं मी हात जोडले तर त्यांनीही जोडले, डोळे मिटून, पहिल्यासारखे. देवी त्यांच्या ध्यानात आहे. मला देवीचा जरा हेवा वाटला, तिनं क्षमा करावी.

आता ते घर. बाहेरून रंग चांगला आहे, पण रंगाला मी भुलत नाही. तिथं प्रीतीताई म्हणून व्यवस्थापक आहेत, तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्या मला खोल्या, पंखे, गरम पाण्याची सोय दाखवत होत्या. मी म्हटलं, ताई, ते राहू द्या, मला स्वयंपाकघरातली खरकट्याची बादली दाखवा. त्या हसल्या, पण दाखवली. बादलीत दोडक्याची सालं होती आणि भाकरीचे नुसते काठ. म्हणजे माणसं जेवतात. भाकऱ्या तशाच्या तशा पडलेल्या दिसल्या असत्या तर मी तिथूनच माघारी फिरले असते. स्वयंपाकीणबाईंना मात्र सांगून आले की काठ टाकावे लागतात ते दात नसल्यामुळं, भाकरी आमटीत कुस्करून ठेवत जा. "सासूबाई आल्या वाटतं," असं ती हळूच म्हणाली, ते मी ऐकलं, पण खोटं नव्हतं. मग गाद्यांचा वास घेतला. म्हाताऱ्यांची नखं बघितली. सगळ्यांची कापलेली होती. मागच्या अंगाला एक नळ टिपकत होता, तो मी बंद केला. बाहेर जायचं दार भिंतीच्याच रंगाचं ठेवलंय, म्हणजे त्यांना ते दार आहे असं वाटत नाही. मला आधी ही फसवणूक वाटली. मग दुकान उघडायला निघालेल्या अप्पांना मीच रोज संध्याकाळी किल्ली हरवली म्हणून सांगते, ते आठवलं.

अप्पांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचं मी मुद्दाम विचारलं. गळ्यात दोरा, साखळी काही ठेवत नाहीत, फास बसायची भीती असते. मी निघायला उठलेच होते. प्रीतीताईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, काकू, दंडाला बांधलं तर चालेल का? मी म्हटलं, अंगावर राहिलं म्हणजे झालं. सकाळी आंघोळ झाली की ते त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवून समोर बसायचं, बाकी त्यांचं ते करतात, मंत्र चुकत नाही. तेही त्यांनी लिहून घेतलं. अगं, मी तांदूळ निवडावे तसं ते घर निवडत होते आणि खडा सापडत नव्हता. खडा सापडावा म्हणून तर मी गेले होते.

शेवटी त्यांनी एक विचारलं आणि मी अडकले. म्हणाल्या, घरी यांना काय म्हणून हाक मारता? तीच हाक आम्ही इथं मारतो, ओळखीची हाक कानावर पडली की माणूस बावरत नाही. नाव आधार कार्डावर होतं ते त्यांना दिसत होतं, पण घरातली हाक कोणती? मी म्हटलं, मुलगी कळवील.

तुला हसू येईल. तुझ्या आईनं त्यांचं नाव कधी घेतलंय का? लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. रेशनच्या दुकानात 'निकिताचे अप्पा' आणि बँकेत नुसतं बोट दाखवायचं, पासबुकावर आहे बघा. बारा ज्योतिर्लिंगं म्हणताना एका ठिकाणी मी नुसते हात जोडून पुढं जायची. तू परकरात होतीस, बोटं धरून मोजायचीस आणि ओरडायचीस, "अप्पा, आईनं एक देव खाल्ला, अकराच झाले!" मग ते ओसरीवरून म्हणायचे, "बारावा देव तिच्या चुलीपाशी जेवायला बसतोय की." किती हसायचे गं ते. माझी हाक एकच, अवो. त्या एका हाकेवर त्यांनी आयुष्यभर मान वर केली. दुकानात ट्रकची ताडपत्री शिवत असले, तोंडात सुतळी असली, तरी पलीकडच्या कडेनं मी 'अवो' म्हटलं की हायवेच्या सगळ्या गोंगाटातून त्यांना ऐकू जायचं.

आता जात नाही. मागच्या महिन्यात ते रस्त्यावर गेले होते, हे मी तुला सांगितलं, पण अर्धंच. ऊन कललं की त्यांना दुकान उघडायला जायचं असतं. दुकान विकून किती वर्षं झाली, पण पाय तिकडंच ओढतात. मी पीठ मळत होते, कडी सरकवायची राहिली. बाहेर आले तर ते पार हायवेच्या कडेला. हाताला पीठ तसंच, मी मागं पळतेय, अवो, अवो, ऐकलं का, थांबा. दोन-चार बायाबापड्या वळून बघायला लागल्या. सोलापूरकडून ट्रक येत होते आणि ते चालतच होते. अवो म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. ज्याला मी कोण ते कळत नाही, त्यानं त्या हाकेला का वळावं? शेवटी ढाब्यावरच्या बंडप्पानं त्यांच्या नावानं खणखणीत हाक मारली आणि ते जागच्या जागी थांबले. बंडप्पा मला म्हणाला, "वैनी, नाव घ्या की आता. जीव जाईल त्यांचा, तवा घेणार काय?" तो चांगल्या मनानं बोलला. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तरीही तामलवाडीहून येताना मी मनात 'नाही'च ठरवलं होतं. कारण खरं सांगते, त्यांच्यासाठी नव्हतं ते, माझ्यासाठी होतं. ते मला ओळखत नाहीत, पण घरात खोकतात. त्यांच्यासाठी चूल पेटते. एकटीसाठी कुणी आमटी करत नाही गं, चटणी-भाकरीवर भागवतं. शेजारची मथुराबाई एकटी राहते, ती संध्याकाळी टीव्हीशी भांडते, ते मी भिंतीपलीकडून ऐकते. अप्पा ओसरीवर बसून चादरीची किनार बोटांनी अशी दुमडतात, जसं ताडपत्रीच्या काठाला दाभण घालायच्या आधी दुमडायचे. मी समोर बसून शेंगा फोडते. लांबून बघणाऱ्याला आम्ही नवरा-बायकोच दिसत असू. तेवढं मला पुरत होतं.

परवा पुन्हा तसंच झालं. कडी लावलेली होती, त्यांनी काढली. मी गाठलं तेव्हा ते रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत होते आणि समोरून उसाचा ट्रक. मी अवो म्हटलं नाही. पहिल्या झटक्यातच नाव घेतलं, पूर्ण, सगळ्या ताकदीनं. माझाच आवाज मला कुणा परक्या बाईचा वाटला. ते थांबले. ट्रक गेला. धूळ बसल्यावर माझ्याजवळ आले, नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमी मला नावानं वळखता व्हय?" मी मान हलवली. मग हसायला लागले. "आमच्या घरात न्हाय कुणी घेत. आमची मंडळी तर लई कडक. बारा ज्योतिर्लिंगांत एक देव गाळती, पण माझं नाव न्हाय घेत. घरी वाट बघत असंल. तेवढं मला घरापातूर सोडा."

निकिता, मी त्यांच्या मनात आहे. जशीच्या तशी आहे, तुझ्या परकराच्या दिवसातली. पण ज्या क्षणी मी नाव घेतलं, त्या क्षणी मी ती नव्हते. त्यांच्या हिशोबी जी नाव घेते ती त्यांची बायको असूच शकत नाही.

मी त्यांना घरी आणलं. ते उंबऱ्याबाहेर पायताण काढून बसले, आत येईनात. "मंडळी येऊ द्या, बाईमाणूस घरात एकटी असताना कसं यायचं," म्हणाले. किती सभ्य माणूस दिला माझ्या आई-दादांनी मला. मी मागच्या दारानं आत गेले. कसं सुचलं माहीत नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि स्वयंपाकघरातूनच, दिसणार नाही अशी उभी राहून म्हटलं, अवो, या आता, वाढलंय. कितीतरी महिन्यांनी, गं. ते लगेच उठले. हात धुतले. पाटावर येऊन बसले आणि माझ्याकडं न बघताच जेवायला लागले, पहिल्यासारखे. मधेच म्हणाले, "यायला उशीर झाला. रस्त्यात एक बाई भेटली. नावानं हाका मारत व्हती. चांगली व्हती बिचारी. लई एकटी वाटली."

मी म्हटलं, असंल.

त्या रात्रीपासून विचार केला आणि मग हे लिहायला बसले. माझं उत्तर हो आहे. पौर्णिमेच्या आत ये आणि त्यांना तिथं नेऊया. ते इथं राहिले तर मला रोज रस्त्यावरची ती बाई व्हावं लागेल. दार राखायचं, नाव घेऊन थांबवायचं, आणि तसं करता करता एक दिवस त्यांच्या मनातल्या चुलीपाशी कुणी उरणारच नाही. लोक बोलतील. बोलू देत. आपल्या खंडोबाची मूर्ती एकच, वर्षातले थोडे दिवस नळदुर्गाला, बाकीचे अणदूरला. देवाला घराबाहेर काढलं असं कुणी म्हणतं का? आणि देव दुसरीकडं गेला म्हणून माणसं देऊळ झाडायची थांबतात का? मी सोमवारी-गुरुवारी एसटीनं डबा घेऊन जाईन. फोनवर हे सांगता आलं नसतं, ते समोर बसलेले असतात आणि या घरात ते नाव मला पुन्हा तोंडातून काढायचं नाही. म्हणून लिहिते. प्रीतीताईंनी विचारलं होतं ना, त्यांना तू कळव: हाक मारताना 'भीमाशंकर' असं पूर्ण म्हणा, काका नको, अर्धं नाव नको, पूर्ण नावाला ते थांबतात. आणि एक हात जोडून सांग. 'अवो' म्हणून त्यांना तिथं कुणीही, मायेनंसुद्धा, हाक मारायची नाही. ती हाक मी आले की मारीन, दाराआडून.

तुझीच,
आई