बसा, बोलावते

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. आज तातडीच्या विभागात रुजू झाले. अकरा वर्षं वॉर्डात सलाईन लावून झाल्यावर इथे मला थेट दाराजवळचं टेबल मिळालं. आल्या आल्या पेशंटला बघायचं आणि मनगटावर पट्टी बांधून तिच्यावर वेळ लिहायची. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळी म्हणजे तासाभरात, हिरवी म्हणजे बसा. एका माणसाला दोन मिनिटं. दादाला फोन केला तर म्हणाला, लोकांना रांगेत बसवायची हौस तुला लहानपणापासूनच होती. हसू दे त्याला. माझी नजर पक्की आहे आणि ते मला माहीत आहे.

टेबलासमोर मोठा हॉल. लोखंडी खुर्च्यांच्या सहा रांगा, पाय जमिनीत ठोकलेले, मधे एक जाडजूड खांब. यायला-जायला दार एकच. तिथले वॉचमन मामा प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला देतात आणि जाताना मोजून परत घेतात. चहा बरा मिळतो.

५ मार्च, बुधवार

मोठ्या सिस्टरनी इथल्या रीती सांगितल्या. बांधलेली पट्टी बदलायची नाही, कारण एकाची बदलली की चाळीस जण मनगटं पुढे करतात. आणि हॉलमधून जाताना मान वर करायची नाही. नजरेला नजर भिडली की माणूस उठतो, एक उठला की अख्खी रांग उठते. म्हणून इथे सगळे हातात कागद धरून, त्यात डोळे खुपसून चालतात. एका डॉक्टरांच्या कागदावर मी डोकावले तर तो कोराच होता. मला हसू आवरेना. दुपारनंतर मीही एक कोरा कागद उचलला.

हॉलमध्ये नऊ वर्षांत एकही माणूस दगावलेला नाही, हे मोठ्या सिस्टर फार तोऱ्यात सांगतात. कंटाळून जे उठून जातात त्यांच्या नावापुढे ‘न सांगता निघून गेले’ असं लिहायचं. असे दर आठवड्याला पाच-सहा असतात म्हणे.

कुणाच्या तरी मेहुण्याने आज टेबलावर मूठ आपटून मला आईवरून शिव्या दिल्या. लोकांचा इतका राग येईल असं वाटलं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

हे लिहायलाच हवं.

सकाळी बस उलटली. एकदम नऊ लाल. त्यातच निळ्या स्वेटरचा एक माणूस आला, पंचावन्नच्या आसपास, एकटाच. पहाटेपासून जबडा ठणकतोय आणि घाम येतोय म्हणाला. मी म्हटलं, दाढ असेल. हिरवी बांधली, वेळ लिहिली, दहा वीस. तो तीनदा टेबलापाशी आला. दुसऱ्यांदा म्हणाला, ताई, डावा हात जड झालाय. तिसऱ्यांदा काय म्हणाला ते मी ऐकलंच नाही. मान वर न करता म्हटलं, बसा, बोलावते.

दुपारी चारला झाडणाऱ्या मावशींनी हाक मारली. खांबाजवळच्या खुर्चीत तो बसल्या जागी गार पडला होता.

जबडा, घाम, डावा हात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा ओळखेल.

मोठ्या सिस्टर ओरडल्या नाहीत. रजिस्टर पुढे केलं. हा माणूस न सांगता निघून गेला, असं लिही म्हणाल्या, आणि प्रेत बाहेर रस्त्यावर सापडलं असं त्या लिहितील. पट्टी कात्रीने कापून माझ्या हातात दिली. मी लिहिलं. सहीसुद्धा केली. पट्टी पर्समध्ये टाकली.

१२ मार्च, बुधवार

मामा विचारायला आले की कालचा एक बिल्ला कमी कसा. निघून गेला म्हणताय, मग दारातून कुणी गेलं कसं नाही? मी कागदात डोकं घातलं.

१३ मार्च, गुरुवार

तो खांबाजवळ बसला आहे.

आधी वाटलं, निळा स्वेटर काय, कुणाचाही असेल. पण हॉलमध्ये सगळे फोनमध्ये नाहीतर दाराकडे बघतात. हा माझ्याकडे बघतो. भर दुपारी, अकरा ते पाच, पापणी न हलवता. मावशी त्याच्या खुर्चीखालून फडकं फिरवून पुढे गेल्या. गर्दी एवढी की लोक भिंतीला टेकून उभे, पण त्या खुर्चीत बसायला कुणी धजलं नाही.

१५ मार्च, शनिवार

आज कोरा कागद घेऊन त्याच्या शेजारून गेले. तळहाताएवढ्या अंतरावरून. मनगटावर हिरवी पट्टी. दहा वीस. अक्षर माझं.

घरी येऊन पर्स उलटी केली. कापलेली पट्टी नाही.

१६ मार्च, रविवार

सुट्टी. तरीही झोपले नाही. दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सही मागे घे, खरं काय ते सांग. मी म्हटलं, नोकरी जाईल. तो म्हणाला, जाऊ दे.

१७ मार्च, सोमवार

तो एकटा नाही. तिसरी रांग भरली आहे. एक म्हातारी, एक गरोदर बाई, एक शाळेच्या गणवेशातली मुलगी. सगळ्यांना हिरव्या पट्ट्या. त्यांच्यावरचं अक्षर माझं नाही. एक-दोन तर मोठ्या सिस्टरच्या अक्षरातल्या. न सांगता निघून गेलेले. कुणीही कुठेही गेलेलं नाही.

ते सगळे माझ्याकडे बघतात. रागाने. माझ्यावर का? बाकीच्यांवर का नाही? मग कळलं. मान वर करून बघणारी मी एकटीच.

१८ मार्च, मंगळवार

राहवलं नाही. लाल पट्टी घेऊन त्याच्याकडे धावले, त्याची हिरवी कापायला. सगळ्या हॉलमध्ये ओरडले, लाल, लाल, ट्रॉली आणा. तिघं जण ट्रॉली घेऊन धावत आले.

खुर्ची रिकामी. माझ्या हातात कात्री.

मोठ्या सिस्टरना सांगितलं की त्या माणसाबद्दल मी खरं लिहिणार आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, हिच्या मनावर ताण आलाय, हिला आठ दिवस घरी पाठवा. सगळ्यांनी कागदात बघितलं.

२० मार्च, गुरुवार

घरी. टेबलावर नवी मुलगी बसवली म्हणे. बरं झालं.

जबडा दुखतोय. दाढ असेल —

नाही. दाढ नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी साडेदहा. पहाटेपासून घाम. रिक्षाने इथे आले, हेच जवळ होतं. मामांनी बिल्ला दिला, डोळे चुकवले. नव्या मुलीला नीट सांगितलं, जबडा, घाम, डावा हात. ती लाल उचलत होती. उचललीच होती. तेवढ्यात मोठ्या सिस्टर पलीकडून म्हणाल्या, ती होय, ती परवाची, तिच्या मनाचे खेळ आहेत, बसू दे.

हिरवी. दहा वीस लिहिलंय.

रिकामी खुर्ची एकच होती. खांबाजवळची, त्याच्या शेजारची.

सव्वाअकरा. दादाला फोन लागला. निघालोय, चार तास लागतील, तोवर कुणालातरी बघायला सांग म्हणाला. दोनदा टेबलापाशी जाऊन आले. बसा म्हणाली. आता उठता येत नाही.

पट्टी तोडायला गेले. तुटत नाही. डावा हात —

तो आता माझ्याकडे बघत नाही. टेबलाकडे बघतो. सगळी रांग टेबलाकडे बघते. मीही —

डॉक्टर गेले. कागद. मावशी गेल्या. हाक मारली, आवाज —

नवी मुलगी. उठली. इकडेच येते आहे, अगदी जवळून जाईल. हातात कागद आहे. कोरा. मी हात वर केलाय, पट्टीचा. पोरी, एकदा, एकदाच बघ —

तिने मान