कल्लोळ आणि काठावरची शिस्त

२ मे, सकाळ
धबाक्! इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज कानात आहे. शाळा सुटली की आमचा अख्खा वर्ग कविता म्हणत म्हणत तळ्यात उड्या टाकायचा. सगळ्यांचे कपडे सांभाळायची जबाबदारी एकमताने माझ्यावर. थोडक्यात, बालपण पाण्यातच गेलं.

हेच काल कुत्रेवाल्या बाईंना सांगितलं. त्यांच्याकडचा वॉटर स्पॅनियल, म्हणजे पाण्यात रमणारा कुत्रा, फार दुर्मिळ. कुणालाही देत नाहीत. अट एकच: मालकाने रोज कुत्र्याबरोबर पाण्यात उतरायचं. महिनाअखेरीला स्वतः येऊन बघणार. नाही जमलं तर कुत्रा परत. मी नुसता हसलो.

३ मे
आला! अंगभर तपकिरी कुरळे केस, शेपूट मात्र उंदराची. कपाळावर झुलपं, थेट आमच्या मराठीच्या मास्तरांची. नाव ठेवलं कल्लोळ. ही म्हणाली, अहो, हाक मारून होईतो तो गल्ली ओलांडेल. ती बाळ्या म्हणते. तूर्त तो बाळ्यालाच ओ देतो. सुधारेल.

दुपारी फरशी पुसायच्या बादलीत जाऊन बसला. जातिवंत!

६ मे
'बस', 'ऊठ' हे फारच गद्य. आज्ञा शार्दूलविक्रीडितात रचली. यती येईपर्यंत कल्लोळ झोपला. म्हणजे निम्मी पाळली.

७ मे
तळ्यावर गेलो. वारा होता. उतरलो नाही. कल्लोळ पोहत जाऊन कुणाची तरी चप्पल घेऊन आला. परत नेऊन देण्याची आज्ञा अजून रचायची आहे.

११ मे
टॉवेल वाळला नव्हता.

१२ मे
टॉवेल वाळला. पाठ धरली. तरी घोटे भिजवले. तांत्रिकदृष्ट्या पाण्यात उतरलो.

१७ मे
कविमनाला पहाटेच खरी झोप लागते, तेव्हा तळं संध्याकाळी. ही मात्र हल्ली पहाटे मैत्रिणीकडे जाते, कुत्र्याला घेऊन. येते तेव्हा केस ओले. मैत्रिणीकडचा गीझर चांगला असावा.

कल्लोळ दिवसभर शांत पडून असतो. आता आज्ञा मंदाक्रांता वृत्तात देतो, त्याचा परिणाम.

२४ मे
हिला सहज विचारलं, बाईंसमोर मी बुडालो तर? म्हणाली, घोट्याएवढ्या पाण्यात कुणी बुडत नाही. हिला काव्य कळत नाही.

कल्लोळ माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. हा परत द्यायचा म्हणजे... पायाला मुंग्या आल्या. हलवला नाही.

३० मे
बाई उद्या संध्याकाळी येणार. पहाटे एकट्याने जाऊन गळ्यापर्यंत उतरायचं, ठरलं. गजर लावला. झोपताना कल्लोळला तसं वचन दिलं.

३१ मे, सकाळ
गजर वाजला म्हणे. उठलो तेव्हा ऊन अंथरुणावर आलेलं. कुत्रा नाही, ही नाही. एवढ्यात बेल.

दारात कुत्रेवाल्या बाई! चिंब. मागे ही, तीही चिंब. मध्ये कुत्रा, अंग झाडून मला भिजवणारा.

बाई म्हणाल्या, संध्याकाळच्या आधी तळं बघून घ्यावं म्हणून पहाटेच आले, तर तुमच्या मिसेस याच्याशी शर्यत लावून पोहत होत्या. राहवेना, मीही उतरले. कुत्रा इथेच राहील. मालकीण म्हणून यांचं नाव घालते.

हिला विचारलं, तू पोहायला कधी शिकलीस? म्हणाली, लग्नाआधी. तुम्ही तुमच्याच उड्या सांगत होतात, मध्ये कशाला बोलू?

मग दोघींनी ओले टॉवेल माझ्या हातात दिले. उद्यापासून तुम्हीही चला, ही म्हणाली, काठावर कपडे सांभाळायला माणूस हवंच आहे.

एकमताने ठरलं. बाळ्यासुद्धा भुंकला.